कांद्याएवढा सूर्य, खसखशीएवढी पृथ्वी

टोपलीतून एक मध्यम कांदा घ्या. पट्टीवर धरला तर साधारण सात सेंटिमीटर भरेल असा. नाशिकच्या घरात तो शोधायला लागत नाही. हा झाला सूर्य. आता खसखशीच्या डबीतला एकच दाणा बोटाच्या टोकाला चिकटवून घ्या. ही पृथ्वी. मग मुलांना विचारा, कांदा इथे ठेवला तर दाणा कुठे ठेवायचा?

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने तो कांद्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. तिच्या सहा वर्षांच्या भावाने आणखी जवळ सरकवला, "पृथ्वीला थंडी वाजू नये म्हणून." दोघांचंही काही चुकलं नव्हतं. पुस्तकातल्या चित्रांत असंच असतं, मोठा पिवळा सूर्य आणि त्याला खेटून ओळीने उभे आठ ग्रह. पानावर मावायचं तर चित्रकाराला तसंच काढावं लागतं. पण तेच चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं आणि अवकाश म्हणजे गोळ्यांनी भरलेली पेटी वाटायला लागते.

म्हणून आम्ही रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर गेलो. बरोबर कांदा, खसखस, एक सुका वाटाणा, तुरीचा दाणा, मोहरी, जाड कागदाचे तुकडे आणि चिकटपट्टी. कांदा एका विटेवर ठेवला आणि भाचीला पावलं मोजायला लावली. तिचं पाऊल साधारण अर्ध्या मीटरचं. पंधरा पावलं झाल्यावर म्हटलं, थांब. इथे पृथ्वी.

"इतक्या लांब?"

साडेसात मीटर. कागदावर चिकटवलेला खसखशीचा दाणा हातात धरून ती कांद्याकडे बघत उभी राहिली. तिला म्हटलं, तुला तो कांदा आत्ता जेवढा दिसतोय ना, बरोबर तेवढाच आकाशातला सूर्य दिसतो. हे शब्दशः खरं आहे. आपण आकार आणि अंतर दोन्ही एकाच पटीत लहान केलं आहे, त्यामुळे दिसण्यात फरक पडत नाही. (खऱ्या सूर्याकडे बघून ताडून पाहायचं नाही, हे मुलांना दर वेळी, न कंटाळता सांगायचं. नुसत्या डोळ्यांनीही नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही. त्याऐवजी पौर्णिमेचा चंद्र बघा. तो सूर्याएवढाच दिसतो आणि हात लांब करून करंगळी समोर धरली की अख्खा झाकला जातो.)

खरा सूर्य पृथ्वीच्या १०९ पट रुंद आहे. १०९ हा आकडा मुलं पाठ करतात आणि विसरतात. कांद्याशेजारी धरलेला खसखशीचा दाणा मात्र लक्षात राहतो.

मग पुढचे ग्रह. बुध आणि शुक्र पृथ्वीच्या अलीकडे, कांद्यापासून तीन आणि साडेपाच मीटरवर. शुक्र दुसरा खसखशीचा दाणा, बुध रव्याच्या कणाएवढा. मंगळही रव्याचा कण, कांद्यापासून साडेअकरा मीटरवर. इथपर्यंत मुलं हसत-खेळत येतात. पुढचा गुरू, म्हणजे सुका वाटाणा, एकोणचाळीस मीटरवर आहे, आणि तिथे जाताना ती गप्प होतात. शनी, तुरीचा दाणा, बहात्तर मीटर. शनीपाशी पोहोचून भाचीने मागे वळून पाहिलं तेव्हा कांदा ठिपका झाला होता. युरेनस आणि नेपच्यून दोन मोहऱ्या, एक सुमारे दीडशे मीटरवर, दुसरी सव्वादोनशे. नेपच्यूनपर्यंत धाकट्याला उचलून न्यावं लागलं. ट्रॅकवर चालणारे एक आजोबा थांबून काय चाललंय म्हणून विचारत होते. त्यांना भाचीनेच समजावून सांगितलं, आणि तुरीचा दाणा त्यांच्या हातात देऊन "तुम्ही शनी" म्हणून उभं केलं.

आता चंद्र. कांद्याच्या या मापात तो पृथ्वीपासून किती लांब? जेमतेम दोन सेंटिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढा. माणूस स्वतः आजवर सगळ्यात लांब गेला तो एवढाच. आपलं आदित्य एल-१ यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे दाण्यापासून साडेसात सेंटिमीटर. १९७७ साली निघालेलं आणि माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात दूर पोहोचलेलं व्हॉयेजर-१ या मापात मैदान सोडून जवळपास सव्वा किलोमीटर गेलेलं असेल. जवळजवळ पन्नास वर्षं ते थांबलेलं नाही.

आणि दुसरा कांदा कुठे? सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा, ज्याला आपल्याकडे मित्र म्हणतात, तो खरं तर ताऱ्यांचा एक गट आहे, आणि त्यातला मोठा तारा सूर्यापेक्षा किंचितच मोठा आहे. तो कांदा ठेवायला आम्हाला गुवाहाटीच्याही पलीकडे जावं लागलं असतं. सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरच्या वर.

"मग मधे काय आहे?" भाचीने विचारलं.

काही नाही. धुळीचे, वायूचे विरळ कण, बर्फाचे काही गोळे, बाकी मोकळं. या "काही नाही"वर ती घरी येईपर्यंत विचार करत होती. खगोलशास्त्र शिकवताना मुलांना पहिल्यांदा द्यायची गोष्ट हीच असं मला मनापासून वाटतं. ग्रहांची नावं नंतर आपोआप येतात.

दुसरी गोष्ट चंद्राच्या कला. इथे थोडं थांबायला हवं, कारण मोठ्यांचीही गल्लत होते. चंद्र कमी-जास्त का दिसतो असं विचारलं तर निम्मे लोक सांगतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून. तसं नाही. सावली पडते तेव्हा चंद्रग्रहण होतं. कला वेगळ्या कारणाने होतात, आणि ते कारण एका लिंबात दाखवता येतं.

रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा. एक बल्ब डोक्याच्या उंचीवर लावा. तो सूर्य. लिंबात पेन्सिल खुपसून ती मुलाच्या हातात द्या आणि हात लांब करून लिंबू डोक्यापेक्षा जरा वर धरायला सांगा. लिंबू चंद्र, मुलाचं डोकं पृथ्वी. आधी बल्बकडे तोंड. लिंबाची उजळलेली बाजू बल्बकडे, मुलाकडे काळोखी बाजू. ही अमावस्या. आता जागच्या जागी हळूहळू डावीकडे वळायचं, नजर लिंबावरून हलवायची नाही. उजव्या कडेला एक पातळ कोर उमटते. ती बीज. आणखी वळलं की अर्धं लिंबू उजळतं, ती अष्टमी. बल्बकडे पाठ झाली की पूर्ण गोल, पौर्णिमा. पुढे वळत राहिलं की डावी बाजू उजळलेली राहते आणि कमी कमी होत जाते, तो कृष्णपक्ष. लिंबू पूर्ण वेळ अर्धं उजळलेलंच होतं. त्यातलं आपल्याला किती दिसतं, एवढंच बदलत गेलं.

धाकट्याने हात खाली घेतला आणि पौर्णिमेच्या जागी त्याच्या डोक्याची सावली लिंबावर पडली. "अरे, चंद्र गेला!" तेच ग्रहण. दर पौर्णिमेला ते होत नाही, कारण चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली आहे आणि बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

एवढं झालं की घरातल्या कॅलेंडरकडे वळायचं. आपल्या मुलांना एक मोठी सोय आहे. त्यांच्या घरात तिथी आहेत आणि तिथी म्हणजे चंद्राचंच वेळापत्रक. संकष्टीला आजी चंद्रोदयासाठी थांबते आणि ताट वाढायला नऊ-साडेनऊ वाजतात. का? पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. त्यानंतर रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. एका दिवसात पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्यात चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला अजून जरा वळावं लागतं. चतुर्थीपर्यंत हा उशीर तीन तासांच्या आसपास जातो. अष्टमीपर्यंत मध्यरात्र होते. गोकुळाष्टमीला कृष्णजन्म मध्यरात्री, आणि त्याच सुमाराला पूर्वेला अर्धा चंद्र उगवत असतो, हे मुलांना एकदा गच्चीवर नेऊन दाखवा. श्रावणातले ढग आड आले तर पुढच्या कुठल्याही महिन्याची वद्य अष्टमी चालेल.

चंद्र आपल्यामागे का येतो, हा प्रश्न तुमच्याकडेही येणारच. आमच्याकडे तो त्र्यंबकहून परत येताना गाडीत आला. मी भाचीला म्हटलं, आधी रस्त्याकडेची झाडं बघ. झपाझप मागे जातात. आता अंजनेरीचा डोंगर बघ. तो मागे जातो, पण सावकाश. जेवढं लांब, तेवढं हळू. मग चार लाख किलोमीटरला जरा कमी एवढ्या लांबचा चंद्र किती सरकेल? ती खिडकीला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "आत्या, तो येत नाहीये. तो जातच नाहीये."

ताऱ्यांकडे जायचं तर मृगापासून. हे नाव मुलांनी पावसासाठी ऐकलेलं असतं. ७-८ जूनला मृग लागला की निफाड-दिंडोरीकडे पेरणीच्या गोष्टी सुरू होतात. पण मृग हे आकाशातलं एक चित्र आहे आणि ते ऐन थंडीत दिसतं हे सांगितलं की मुलं गोंधळतात. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून वर बघा. चार तारे चार कोपऱ्यांना, ते हरणाचे पाय. मधे एका ओळीत तीन तारे, तो पोटात घुसलेला बाण. बाणाच्या रेषेत खाली आलं की आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, व्याध. तोच बाण मारणारा शिकारी. उलट्या दिशेला वर गेलं की लालसर रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका.

मग जूनचा पाऊस मृगाचा कसा? पुन्हा कांदा. मैदानाच्या मधे कांदा ठेवा, आणि एका मुलाला "मृग" लिहिलेला कागद देऊन लांब एका टोकाला उभं करा. दुसऱ्या मुलाने कांद्याभोवती फेरी मारायची. रात्र म्हणजे कांद्याकडे पाठ. फेरी मारणारं मूल कांदा आणि मृग यांच्या मधे आलं की पाठ कांद्याकडे आणि मृग थेट समोर. हा डिसेंबर. अर्धी फेरी झाली की मृगाकडे बघताना आड कांदा येतो. हा जून. जूनमध्ये मृग भर दुपारी आपल्या डोक्यावर असतो, सूर्याच्या शेजारी, आणि उजेडात बुडालेला असतो. "सूर्य मृगात आला" याचा अर्थ एवढाच. शेतकऱ्याने न दिसणाऱ्या ताऱ्यांवरून पेरणीची वेळ ठेवली, यामागे किती पिढ्यांचं बघणं असेल, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मृगातलेच दोन तारे रंगांसाठी दाखवा. काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. लोहाराकडे लोखंड तापताना आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ताऱ्यांचंही तसंच, लाल तारा त्यातल्या त्यात थंड आणि निळसर तारा जास्त तापलेला.

ग्रह ओळखायची साधी खूण म्हणजे ते लुकलुकत नाहीत. तारे इतके लांब आहेत की ते नुसता बिंदू उरतात, आणि हवेच्या हलण्याने त्या बिंदूचा प्रकाश थरथरतो. ग्रह जवळ असल्याने त्यांची छोटी तबकडी असते, म्हणून उजेड स्थिर दिसतो.

यातला गुरू तर नाशिकच्या मुलांचा घरचाच ग्रह. आपला कुंभमेळा सिंहस्थ का म्हणवतो? गुरू सिंह राशीत आला की तो भरतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे बाराला साधारण पन्नास दिवस कमी. म्हणून २००३, २०१५ आणि आता २०२७. ते पन्नास दिवस साठत जातात. सात फेऱ्यांत जवळपास एक वर्ष होतं, आणि मग एखादा कुंभ अकराव्या वर्षी येतो. हरिद्वारचा २०१० नंतरचा कुंभ २०२१ साली आला तो असाच. गोदाघाटावरची गर्दी मुलांना दिसेलच, पण ज्याच्यामुळे ती जमते तो ग्रहही दाखवायला हवा. ऑगस्ट २०२७ च्या अखेरीला गुरू सूर्याच्या पलीकडे असेल, त्यामुळे त्या दिवसांत तो दिसणार नाही. त्याआधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंधार पडल्यावर पूर्वेला बघा. सिंह राशीतल्या मघा ताऱ्यापासून, हात लांब करून धरलेल्या मुठीने मोजलं तर मूठ-दीड मूठ अंतरावर एक ठळक, स्थिर प्रकाश दिसेल. साधी दुर्बीण कठड्यावर टेकवून धरली तर त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चार चंद्र ते हेच. रात्रीगणिक त्यांच्या जागा बदलतात. चार रात्री वहीत ठिपके काढून ठेवायला सांगा, मुलं पाचव्या रात्री स्वतःहून गच्चीवर जातील.

दुर्बिणीवरून आठवलं. आधी टेलिस्कोप घेऊ नका. स्वस्तातला डगमगणारा टेलिस्कोप मुलांचा उत्साह एका रात्रीत घालवतो. दहा बाय पन्नासची (दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची) दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, तिने चंद्रावरची विवरं, कृत्तिका आणि गुरूचे चंद्र सगळं दिसतं. शहराचा उजेड टाळायला अंजनेरीच्या किंवा वैतरणेच्या बाजूला अमावस्येच्या आसपास एक रात्र काढा. आकाशगंगेचा पट्टा ज्याने पाहिलेला नाही त्या मुलाला तो शब्दांत सांगता येत नाही. पावसाळ्यात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण तारांगण आहेच.

ध्रुव शोधणं नाशिकमध्ये फार सोपं. पाठ पांडवलेण्यांकडे आणि तोंड चामरलेण्यांच्या बाजूला, म्हणजे साधारण उत्तर. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा, तिच्यावर दुसरी मूठ. दुसऱ्या मुठीच्या माथ्यावर जो मध्यम तेजाचा तारा असेल तो ध्रुव. एक मूठ म्हणजे दहा अंश, आणि नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. कन्याकुमारीला तो एका मुठीच्याही खाली जातो, श्रीनगरला साडेतीन मुठी वर. पृथ्वी गोल आहे हे दोन मुठींनी मोजून कळतं. याच विसाव्या अक्षांशामुळे २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवा. दोन-तीन मिनिटं त्याची सावलीच नसते. जुलैच्या २४ तारखेच्या सुमाराला हे पुन्हा होतं, पण तेव्हा ढग असतात.

शेवटची गोष्ट आम्ही गेल्या जानेवारीत केली. प्रकाशालाही यायला वेळ लागतो, हे मुलांना सांगायचं होतं. चंद्रावरून सव्वा सेकंद, सूर्यावरून आठ मिनिटं वीस सेकंद, इथपर्यंत ठीक. ताऱ्यांपाशी वर्षं लागतात. व्याधापासून ८.६ वर्षं. भाची नऊ वर्षांची. तिला म्हटलं, आत्ता तुझ्या डोळ्यांत शिरतोय तो उजेड व्याधावरून निघाला तेव्हा तू पाळण्यात होतीस. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबांचा तारा कुठला?"

माझे वडील सहासष्ट वर्षांचे. रोहिणीचा प्रकाश इथे यायला सुमारे पासष्ट वर्षं लागतात. बाणाच्या एका टोकाला नातीचा तारा, दुसऱ्या टोकाला आजोबांचा. बाबांना आम्ही स्वेटर घालून गच्चीवर आणलं, भाचीने त्यांचा हात धरून तो मृगाच्या तीन ताऱ्यांवरून वर रोहिणीपर्यंत नेला. बाबा बराच वेळ मान वर करून उभे होते. "मी एक वर्षाचा असताना निघालाय हा?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

धाकट्याला मात्र तारा मिळाला नाही. मित्र सव्वाचारहून जरा जास्त वर्षांवर, त्यानंतर नुसत्या डोळ्यांना दिसणारा पुढचा तारा थेट व्याध. सहा वर्षांवर नुसत्या डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही. त्याला अजून अडीच वर्षं थांबावं लागणार, आणि तो दर आठवड्याला विचारतो, किती दिवस राहिले.